जयपूरच्या उन्हात साखरेचा चेंडू : क्रीडाशिल्प केकचे तंत्र आणि पथ्ये

जयपूर : राजस्थानच्या राजधानीत क्रिकेटचा मोसम आणि उन्हाळ्याचा कडाका एकाच वेळी येतो. एप्रिल-मे महिन्यांत सवाई मानसिंग स्टेडियमवर आयपीएलचे सामने होतात आणि त्याच दिवसांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. वाढदिवस, संघाचा विजय किंवा शालेय स्पर्धेचा समारोप अशा निमित्तांनी चेंडू, बॅट, शिरस्त्राण किंवा अख्ख्या मैदानाच्या आकाराचे केक मागवण्याचेही हेच दिवस. असे केक फॉन्डंट नावाच्या साखरेच्या आवरणाने घडवले जातात आणि या आवरणाला हवामानाइतका मोठा शत्रू नाही. त्यामुळे जयपूरमध्ये क्रीडाशिल्प केक हा सजावटीच्या हौसेपेक्षा साखर, ओलावा आणि उष्णता यांच्या हिशेबाचा विषय ठरतो.

या शहराकडे खेळाची पुंजी मोठी आहे. २००८ साली आयपीएलचे पहिले विजेतेपद शेन वॉर्न यांच्या नेतृत्वाखालील राजस्थान रॉयल्सने पटकावले. महेंद्रसिंग धोनी यांची श्रीलंकेविरुद्धची नाबाद १८३ धावांची खेळी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी याच मैदानावर झाली. २८ एप्रिल २०२५ रोजी अवघ्या १४ वर्षांच्या वैभव सूर्यवंशी याने येथेच ३५ चेंडूंत शतक झळकावले. अशा खेळीनंतर एखाद्या घरातील मुलाला वाढदिवसाला कशाच्या आकाराचा केक हवा असतो, हे सांगायला नको.

नाव वितळण्याचे, गुण वेगळाच

‘फॉन्डंट’ हा शब्द वितळणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. मूळचा फॉन्डंट म्हणजे शिजवून घोटलेला, तोंडात विरघळणारा साखरेचा पाक. केकवर लाटून पसरला जाणारा फॉन्डंट मात्र वेगळा. त्याला साखरेची कणीक म्हणणे अधिक नेमके होईल. बारीक आयसिंग शुगर, द्रव ग्लुकोज, ग्लिसरीन, थोडे वनस्पतिजन्य स्निग्ध, पाणी आणि या सर्वांना बांधून ठेवणारा जेलेटिनसारखा घटक मळून तो तयार होतो. साधारण ९०० ग्रॅम आयसिंग शुगरला १२० मिलिलिटर द्रव ग्लुकोज, ६० मिलिलिटर पाणी, एक मोठा चमचा जेलेटिन आणि तेवढेच ग्लिसरीन हे घरगुती प्रमाण सर्वत्र चालते. ग्लुकोज साखरेचे खडे बनू देत नाही, ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते आणि जेलेटिन ताणले जाण्याचा गुण देते.

यातील जेलेटिनपाशी राजस्थानात पहिला प्रश्न उभा राहतो. देशातील सर्वाधिक शाकाहारी लोकसंख्येच्या राज्यांत या राज्याचा समावेश होतो आणि जयपूरमध्ये जैन समाजही मोठा आहे. ‘एगलेस’ केक मागणाऱ्या ग्राहकाला अंडे नको असते, हे सर्वांना ठाऊक असते. जेलेटिन जनावरांच्या हाडे-कातड्यांपासून बनते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. मार्शमेलो वितळवून केलेल्या झटपट फॉन्डंटमध्येही बहुधा तेच असते. शाकाहारी केकसाठी अगर-अगर, सीएमसी पावडर किंवा वनस्पतिजन्य डिंक वापरून केलेला फॉन्डंट घ्यावा लागतो आणि विकत घेताना पाकिटावरील हिरवा ठिपका पाहावा लागतो. केवळ ‘अंडेविरहित’ एवढे लिहून केक शाकाहारी ठरत नाही. ग्राहकाच्या श्रद्धेचा प्रश्न असताना ही बाब तोंडी आश्वासनावर सोडणे योग्य नव्हे.

पारंपरिक पाश्चात्त्य साखरकामाला भारतीय पथ्यात बसवण्याचे काम आपल्याकडे झालेले आहे. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाशिवाय रॉयल आयसिंग वापरून मोठ्या रचना साकारल्या. मिलानच्या कॅथेड्रलवरून स्फुरलेल्या त्यांच्या सुमारे १०० किलोच्या रचनेची २०२२ मध्ये लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने दखल घेतली. रॉयल आयसिंग वाळून कडक होते आणि फॉन्डंट लवचीक राहतो, हा दोन्ही माध्यमांतील फरक असला तरी प्रश्न एकच होता : मूळ कृतीतील प्राणिजन्य घटक काढून टाकल्यावर साखर उभी कशी ठेवायची?

साखरेला आकार देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. राजस्थानसह उत्तर भारतात दिवाळीला लाकडी साच्यांत ओतून खांडेची खेळणी करतात. महाराष्ट्रात गुढीपाडव्याला साखरेच्या गाठी आणि संक्रांतीला हलव्याचे दागिने असतात. हलव्यावर काटा चांगला येण्यासाठी थंड, कोरडी हवा लागते, हे जुन्या गृहिणींना पक्के माहीत असते. फॉन्डंटचे शास्त्र याहून फारसे निराळे नाही.

कूलर, फ्रीज आणि कोरडी लू

साखर हवेतील ओलावा शोषते आणि हवा फार कोरडी असेल तर स्वतःतील ओलावा गमावते. जयपूरमध्ये वर्षभरात ही दोन्ही टोके दिसतात. एप्रिल ते जूनमधील कोरड्या हवेत लाटलेल्या फॉन्डंटवर काही मिनिटांतच पापुद्रा धरतो. केकवर पसरताना कडा फाटतात आणि वळणावर बारीक सुरकुत्यांचे जाळे उमटते. या दोषाला कारागीर ‘हत्तीची कातडी’ म्हणतात. त्यावरचे उपाय साधे आहेत. ग्लिसरीन किंचित वाढवावे, न वापरलेला गोळा स्निग्धाचा हात लावून हवाबंद पिशवीत ठेवावा, लाटताना मक्याचे पीठ कमीत कमी वापरावे आणि पंखा बंद ठेवावा. शेवटची सूचना जयपूरच्या मे महिन्यात पाळणे कठीण, पण टाळता न येणारी.

जुलै ते सप्टेंबर या काळात स्थिती उलटते. हवेतील आर्द्रतेने पृष्ठभाग चिकट व चकचकीत होतो आणि उभे केलेले यष्टीचे तुकडे वाकतात. अशा वेळी फॉन्डंटमध्ये सीएमसी पावडर मिसळून घट्ट केलेली साखरमाती कामी येते. पाव किलोला साधारण एक छोटा चमचा पुरतो. उन्हाळ्यात असे तुकडे एका रात्रीत वाळतात. पावसाळ्यात तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत.

येथे एक गोष्ट स्थानिकच आहे. जयपूरच्या घरांत उन्हाळ्यात पाण्याचा कूलर सर्रास चालतो. कूलर हवा थंड करतो ती पाण्याची वाफ हवेत सोडून. एअर कंडिशनर मात्र हवेतील ओलावा काढून घेतो. त्यामुळे बाहेर लू वाहत असतानाही कूलरच्या झोतात ठेवलेला केक पावसाळ्यात ठेवल्यासारखा चिकट होऊ शकतो. थंडावा एकच वाटला तरी साखरेच्या दृष्टीने ही दोन यंत्रे परस्परविरुद्ध आहेत. फॉन्डंटचे काम एअर कंडिशनरच्या खोलीत करावे. ते शक्य नसेल तर पहाटे, कूलर बंद ठेवून करावे.

फ्रीजबाबतही असाच गैरसमज आढळतो. आवरण घातलेला थंड केक दमट हवेत बाहेर काढला की त्यावर दव जमते, रंग ओघळतात आणि शिवणीच्या रेषा पुसट होतात. केक फ्रीजमध्ये ठेवायचाच असेल तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत खोके उघडू नये. दव मग खोक्यावर जमते, केकवर नाही.

आवरणाखालचा थर त्याहून महत्त्वाचा. लोणी सुमारे ३२ ते ३५ अंशांना वितळते, म्हणजे जयपूरच्या उन्हाळ्यात बटरक्रीम खोलीतच ढासळते. चॉकलेट आणि क्रीम यांचा गॅनाश हा अधिक भरवशाचा पर्याय. एरवी गडद चॉकलेटचे दोन भाग आणि क्रीमचा एक भाग हे प्रमाण चालते. उन्हाळ्यात ते तीनास एक करावे आणि पांढऱ्या चॉकलेटसाठी चारास एक. कोकोचे स्निग्धही ३४ अंशांच्या आसपास वितळते, हे लक्षात घेता गॅनाशला काही काळाची सवलत मिळते, अभय नव्हे. ताजी क्रीम, कस्टर्ड किंवा ताजी फळे आत भरण्याचा मोह उन्हाळ्यात पूर्ण टाळावा. घडवलेला केक कामाच्या वेळी बराच काळ फ्रीजबाहेर राहतो आणि अशा भरणीत जंतूंची वाढ झपाट्याने होते.

चेंडू उभा कसा राहतो

क्रीडाशिल्पांत चेंडू सर्वांत सोपा दिसतो आणि सर्वांत अधिक फसवतो. नियमांनुसार पुरुषांच्या क्रिकेटमधील नव्या चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असतो; म्हणजे व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर. केकसाठी १५ सेंटिमीटर व्यासाचे दोन अर्धगोल साचे वापरले तर चेंडू दुपटीहून किंचित मोठा होतो. शिवणीचा पट्टाही त्याच प्रमाणात रुंद हवा. अनेक केकांवर चेंडू मोठा आणि शिवण बारीक दोऱ्यासारखी दिसते आणि तेवढ्यानेच तो चेंडू न वाटता डाळिंब वाटू लागतो.

आतला केक घट्ट विणीचा हवा. हलका स्पंज कापताना भुगा होतो आणि वजनाखाली दबतो. चॉकलेट मड केक किंवा पाउंड केक आदल्या दिवशी भाजून, गुंडाळून, थंड करून कापला तर कडा स्वच्छ येतात. अंडेविरहित प्रकारात कंडेन्स्ड मिल्क किंवा दही-सोड्याचा केक चालतो. मात्र तो पुरता थंड झाल्याशिवाय सुरी लावू नये.

खालच्या अर्धगोलाचा तळ पाच-सहा सेंटिमीटर सपाट कापून तो पाटावर गॅनाशने चिकटवतात. त्यात खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा तीन-चार प्लास्टिक नळ्या उभ्या रोवून त्या केकच्या पातळीला कापतात, वर पातळ गोल पुठ्ठा ठेवतात आणि त्यावर दुसरा अर्धगोल बसवतात. नळ्या कडेला न रोवता मध्याजवळ रोवाव्या लागतात, कारण गोलाचा तळ अरुंद असतो. कडेची नळी पाटापर्यंत पोहोचण्याआधीच केकबाहेर येते. वरचे वजन अशा रीतीने केकवर न पडता नळ्यांतून पाटावर उतरते. दहा-पंधरा सेंटिमीटरहून उंच कोणत्याही केकशिल्पाला हा नियम लागू आहे.

१५ सेंटिमीटरच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर भरते. चार मिलिमीटर जाडीच्या आवरणाला सुमारे ४०० ग्रॅम फॉन्डंट लागतो. कापून उरणारा भाग धरून ७०० ग्रॅम तयार ठेवावा. एकच पोळी वरून पांघरली तर तळाशी चुण्या पडतात. त्याऐवजी वरचा आणि खालचा भाग स्वतंत्र आवरणाने झाकून मधला जोड शिवणीच्या पट्टीखाली लपवणे सोयीचे. खऱ्या चेंडूतही चामड्याच्या दोन वाट्या मध्ये जोडून शिवलेल्या असतात, त्यामुळे ही केवळ युक्ती नसून चेंडूच्या रचनेशी इमान राखणे आहे. टाक्यांच्या रांगा सहा असतात, दोन किंवा चार नव्हेत. पट्टी ओली असतानाच टाके उमटवावेत. जयपूरच्या उन्हाळ्यात त्यासाठी हाती फार वेळ नसतो.

बॅटचा केक तुलनेने निर्धोक, कारण तो आडवा असतो. नियमांनुसार बॅटची लांबी ९६.५ सेंटिमीटरपेक्षा आणि रुंदी १०.८ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसते. हे साधारण नऊस एक प्रमाण ५० सेंटिमीटरच्या केकवर कसोशीने पाळले तर तुकडे फारच अरुंद पडतात, म्हणून रुंदी थोडी वाढवण्याची सूट कारागिराला द्यावी लागते. मूठ केकची न करता साखरमातीची करावी.

रंगाचा प्रश्न

सर्वांत गंभीर बाब रंगाची आहे. गडद लाल फॉन्डंटसाठी रंग भरपूर लागतो. इतका की चव कडवट होते आणि खाणाऱ्याची जीभ रंगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने केकच्या २३५ नमुन्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. २२३ नमुने सुरक्षित आढळले, तर १२ नमुन्यांत कृत्रिम रंग घातक प्रमाणात होते. त्यांत रेड वेल्वेट आणि ब्लॅक फॉरेस्ट या लोकप्रिय प्रकारांचा समावेश होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत तामिळनाडूने ‘म्हातारीचे केस’ अर्थात कॉटन कँडीवर बंदी घातली, कारण तिच्यात कापड रंगवण्याचे रोडामाइन-बी हे द्रव्य सापडले होते. मुलांच्या वाढदिवसाच्या केकचा खाणारा वर्ग तोच आहे.

भारतात खाद्यपदार्थांत मोजक्याच कृत्रिम रंगांना आणि ठरलेल्या मर्यादेतच परवानगी आहे. बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि रंगाचे नाव नसेल तर ती वापरू नये. चमकीच्या डबीवर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असणे म्हणजे ती खाण्यायोग्य असणे नव्हे. असा शेरा शालेय हस्तकलेच्या साहित्यावरही असतो. अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ नुसार घरून केक विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते. स्वयंपाकघर घरातले आहे, ही सबब चालत नाही.

लाल रंग कमी वापरण्याच्या वाटा आहेत. पांढऱ्याऐवजी कोको घातलेल्या तपकिरी फॉन्डंटपासून सुरुवात केली तर लाल कमी लागतो आणि चामड्याची छटा अधिक खरी येते. रंगवलेला गोळा रात्रभर ठेवला की छटा आपोआप गडद होते. पण आयपीएलच्या निमित्ताने केक होत असेल तर लाल चेंडूचा आग्रहच अनाठायी आहे. या स्पर्धेत चेंडू पांढरा असतो! तरीही केकवर लालच मागितला जातो. डोळ्यांसमोर बहुधा कसोटीचा चेंडू असतो. पांढऱ्या चेंडूने रंगाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. मात्र दुधासारखी शुभ्रता आणण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड ओतण्याचा हट्टही नको. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतील त्याचा वापर थांबवला आहे. फॉन्डंटचा नैसर्गिक, किंचित पिवळसर पांढरा रंग काही षटके खेळून झालेल्या चेंडूला शोभूनच दिसतो.

राजस्थान रॉयल्सचा गुलाबी आणि १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी शहराला दिलेला गुलाबी या दोन्ही छटांना रंग अगदी थोडा पुरतो. अडचण वेगळीच असते : गुलाबी आणि जांभळ्या छटा प्रकाशात लवकर उडतात. खिडकीजवळ दिवसभर ठेवलेला गुलाबी केक संध्याकाळपर्यंत एका बाजूने फिका पडलेला दिसतो.

हिवाळ्याचा खेळ

हवामानाशी झगडण्याऐवजी जुळवून घ्यायचे असेल तर जयपूरकडे दुसरा खेळ आहे. पोलोचा मोसम थंडीत असतो आणि फॉन्डंटलाही तेच दिवस मानवतात. महाराजा सवाई मानसिंग द्वितीय यांच्या जयपूर संघाने १९३३ साली इंग्लंडमधील प्रमुख स्पर्धा जिंकल्या. १९५७ साली फ्रान्समधील दोविल येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने विश्वविजेतेपद मिळवले. १९७० साली इंग्लंडमध्ये पोलो खेळतानाच त्यांचा मृत्यू झाला. स्टेडियमला त्यांचेच नाव आहे.

पोलोच्या केकसाठी धावता घोडा घडवण्याच्या भानगडीत सहसा पडू नये. चार बारीक पायांवर केकचे वजन पेलत नाही आणि तारेचा सांगाडा घातला तर खाण्याजोगे थोडेच उरते. खेळाडूचे शिरस्त्राण अधिक योग्य. एका अर्धगोलातून त्याचा घुमट होतो, पुढची झापड साखरमातीची करता येते आणि शेजारी पांढरा चेंडू व काठी ठेवली की ओळख पटते. काठीच्या बाबतीत एक चूक वारंवार दिसते. पोलोत चेंडू काठीच्या डोक्याच्या टोकाने नव्हे, तर लांब बाजूने मारतात. डोके चेंडूच्या दिशेने टोक करून ठेवले की जाणकार लगेच हसतात. संघात चारच खेळाडू असतात, त्यामुळे सदऱ्यावर ‘१०’ हा आकडा घालू नये. आकडे १ ते ४ एवढेच.

जाता जाता एक साम्य नोंदवण्यासारखे आहे. जयपूरची प्रसिद्ध निळी भांडी चिकणमातीची नसतात. गारगोटीची पूड, काचेची पूड आणि मुलतानी माती डिंकाने बांधून त्यांचा गोळा करतात. चाकावर त्याला ताण सोसत नाही, म्हणून तो पोळीसारखा लाटून साच्यात दाबतात. साखरेची पूड डिंकाने बांधून, लाटून साच्यात बसवणाऱ्या केक-कारागिराचे हात नकळत तीच कृती करतात. भांडे पुढे भट्टीत पक्के होते. केकला मात्र ती सोय नाही.

पोहोचवणे आणि कापणे

पूर्ण झालेला चेंडू सुमारे दोन किलो भरतो आणि परकोट्यातील बाजारांच्या गर्दीतून तो नेणे हीच खरी कसोटी. पाटाखाली न घसरणारी जाळी, खोक्यापेक्षा किंचितच लहान पाट, आधीपासून थंड केलेली मोटार आणि आसनाऐवजी पायाजवळची सपाट जागा एवढी काळजी पुरेशी असते. आसन मागे कललेले असते, हे घाईत विसरले जाते. यष्टी, काठी, झापड यांसारखे नाजूक भाग वेगळ्या डबीत नेऊन जागेवरच लावावेत.

केक सोपवताना आत किती नळ्या, पुठ्ठे आणि काड्या आहेत, हे संख्येसह लिहून द्यावे. मुलांच्या समारंभात तर हे अनिवार्य समजावे. तार थेट केकमध्ये कधीही खुपसू नये. कापताना आधी वरचा अर्धगोल पुठ्ठ्यासह उचलून बाजूला ठेवावा, खालच्या भागातील नळ्या काढून मोजाव्यात आणि मगच सुरी चालवावी. आवरण फार गोड असल्याने बरेच जण ते सोलून बाजूला ठेवतात. त्यात वावगे काही नाही, आणि थर चार मिलिमीटरपेक्षा जाड नसेल तर वाया जाणारी साखरही मर्यादित राहते. कापण्यापूर्वी काढलेले, न वापरलेले फॉन्डंटचे तुकडे हवाबंद डब्यात, फ्रीजबाहेर सावलीत ठेवले तर पुढच्या केकला उपयोगी पडतात; पुन्हा वापरण्याआधी ते हाताच्या उबेने मऊ होईपर्यंत मळून घ्यावेत.